ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? दोष गळतीचा की ब्रेक ऑइलचा?

स्पोर्ट्स कारची चर्चा बहुतेक वेळा इंजिनची ताकद आणि वेग यांभोवती फिरते. पण ही गाडी थांबते ती जेमतेम लिटरभर ब्रेक ऑइलच्या जोरावर. पेडल मऊ लागू लागलं की अनेक जण महागडं ऑइल भरून मोकळे होतात. मात्र मऊ पेडलची दोन वेगळी कारणं असू शकतात, गळती किंवा उकळलेलं ऑइल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ब्रेक ऑइल नेमकं काय करतं?

नावात ऑइल असलं तरी हे तेल नाही. बहुतेक गाड्यांत ग्लायकोल वर्गातल्या रसायनांचा द्रव असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दाब नळ्यांतून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. नळीत हवा किंवा वाफ शिरली, तर आधी तीच दाबली जाते आणि पेडल खाली बसतं.

लेव्हल कमी झाली म्हणजे गळतीच का?

नेहमी नाही. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतली लेव्हल हळूहळू उतरते. नवे पॅड घातले की ती पुन्हा वर येते. पण ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पॅड जाड असूनही लेव्हल उतरत असेल किंवा ती अचानक उतरली असेल, तर गळती आहे असंच समजा. अशा वेळी नुसतं ऑइल भरत राहणं म्हणजे दोष झाकणं.

गळती कुठे शोधायची?

- चाकाची आतली बाजू, कॅलिपर, रबरी होज पाइप आणि हवा काढण्याचा निपल.
- मास्टर सिलिंडरची मागची सील. इथून गळणारं ऑइल बूस्टरमध्ये जातं, त्यामुळे जमिनीवर थेंबही दिसत नाही.
- क्लच. अनेक मॅन्युअल गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते.

एसीचं पाणी बोटाला चिकट लागत नाही, ब्रेक ऑइल बुळबुळीत लागतं. ते रंग खराब करतं, म्हणून सांडल्यास लगेच पाण्याने धुवा. पॅडवर ऑइल पडलं असेल तर पॅड बदलावे लागतात. गळती सापडल्यावर गाडी चालवत नव्हे, टो करून गॅरेजला न्या.

लेव्हल अजिबात न उतरता पेडल पायाखाली हळूहळू बसत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली सील गेलेली असू शकते.

ऑइल उकळतं म्हणजे काय?

ग्लायकोलचं ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणूनच अमेरिकी मानकांत प्रत्येक प्रकारासाठी दोन किमान आकडे असतात, कोरडा आणि ओला:

- डॉट ३: २०५ आणि १४० अंश सेल्सिअस
- डॉट ४: २३० आणि १५५
- डॉट ५.१: २६० आणि १८०

गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी २०० किमीवरून १०० वर येताना ब्रेकना जेवढी ऊर्जा पचवावी लागते, ती १०० वरून थांबण्याच्या तिप्पट असते. रेस ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडतं. घाट उतरताना वेग कमी असला, तरी सतत ब्रेक दाबून ठेवल्याने तोच धोका उभा राहतो. उकळलेलं ऑइल थंड झालं की पेडल पुन्हा घट्ट लागतं. तेवढ्यावर विसंबू नका, ऑइल बदला.

मग कोणतं निवडायचं?

आधी टाकीचं झाकण आणि मॅन्युअल पाहा. रस्त्यावरच्या वापरासाठी कंपनीने सांगितलेलं डॉट ४ किंवा ५.१ बहुधा पुरतं. ट्रॅकवर जाणार असाल, तर ३०० अंशांच्या वर कोरडा उत्कलनबिंदू असलेली रेसिंग ऑइल मिळतात. घेताना ओला आकडाही वाचा आणि ती अधिक वेळा बदलण्याची तयारी ठेवा.

आकडा मोठा म्हणून डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकोलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाड्यांसाठी सहसा योग्य नसतं. डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं, तरी ग्लायकोलचंच आहे.

अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही मुदत लांबवू नका. उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतलं ऑइलही वापरू नका.

थोडक्यात, आधी गळती तपासा, मग ऑइल निवडा. फाटलेली सील कोणत्याही महागड्या ऑइलने दुरुस्त होत नाही.