लीड ऑडिटर कसा घडतो

संस्थेची व्यवस्थापन प्रणाली तपासणाऱ्या पथकाच्या प्रमुखाला लीड ऑडिटर म्हणतात. हे ऑडिट हिशेबाचे नसते. गुणवत्ता, पर्यावरण, कामगारांची सुरक्षा किंवा माहितीची सुरक्षा यांसाठी संस्थेने ठरवलेली कार्यपद्धती मानकाला धरून आहे का, ती रोजच्या कामात पाळली जाते का आणि तिचा अपेक्षित परिणाम दिसतो का, हे त्यात पाहिले जाते. गुणवत्तेसाठी आयएसओ ९००१, पर्यावरणासाठी आयएसओ १४००१, कामाच्या ठिकाणचे आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी आयएसओ ४५००१, तर माहितीच्या सुरक्षेसाठी आयएसओ/आयईसी २७००१ ही मानके वापरली जातात.

तपासणीचे तीन प्रकार

संस्थेची माणसे स्वतःच्याच संस्थेत करतात ते अंतर्गत ऑडिट. ग्राहक कंपनी पुरवठादाराकडे जाऊन करते ते दुसऱ्या पक्षाचे ऑडिट. वाहन उद्योगात सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांना याची चांगली ओळख असते. प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था करते ते तिसऱ्या पक्षाचे ऑडिट. लीड ऑडिटर हा शब्द बहुधा या तिसऱ्या प्रकाराच्या संदर्भात वापरला जातो.

जिनिव्हात मुख्यालय असलेली आयएसओ ही संघटना मानके तयार करते, पण स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम प्रमाणन संस्थांचे आहे. भारतात या संस्थांची पात्रता तपासून त्यांना अधिमान्यता देण्याचे काम ‘एनएबीसीबी’ हे मंडळ करते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेचा ते भाग आहे.

प्रमाणपत्रासाठीचे पहिले ऑडिट दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कागदपत्रे आणि संस्थेची तयारी पाहतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष अंमलबजावणी. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि त्या काळात दरवर्षी देखरेख ऑडिट होते.

तासांच्या अटींपासून क्षमतेपर्यंत

ऑडिट कसे करावे आणि ऑडिटर कसा असावा, याचे मार्गदर्शन आयएसओ १९०११ या मानकात आहे. प्रमाणन संस्थांवर बंधनकारक असलेल्या अटी आयएसओ/आयईसी १७०२१-१ मध्ये आहेत. १९०११ च्या २००२ च्या आवृत्तीत अपेक्षांचा एक तक्ता होता. त्यानुसार ऑडिटरला माध्यमिक शिक्षण, पाच वर्षांचा कामाचा अनुभव, त्यांपैकी किमान दोन वर्षे गुणवत्ता किंवा पर्यावरण व्यवस्थापनातील काम, ४० तासांचे प्रशिक्षण आणि शिकाऊ म्हणून किमान २० दिवसांची चार पूर्ण ऑडिट अपेक्षित होती. पथकप्रमुख होण्यासाठी त्यापुढे अनुभवी प्रमुखाच्या देखरेखीखाली किमान १५ दिवसांची आणखी तीन ऑडिट प्रमुखाच्या भूमिकेत करावी लागत.

पुढच्या आवृत्त्यांनी हा तक्ता वगळला. किती तास आणि किती दिवस, याऐवजी त्या व्यक्तीला ते काम खरोखर करता येते का, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. तासांची नोंद ठेवणे सोपे आहे, पण त्यावरून माणसाची समज कळत नाही. म्हणून आता नोंदींची छाननी, मुलाखत, चाचणी, प्रत्यक्ष ऑडिटमधील निरीक्षण, संबंधितांचे अभिप्राय आणि ऑडिटनंतरचा आढावा यांपैकी एकाहून अधिक मार्गांनी क्षमता पारखावी, असे मानक सुचवते. अनुभवाची किमान अट मात्र ऑडिटरांच्या अनेक नोंदणी योजनांत आणि प्रमाणन संस्थांच्या नियमांत आजही आढळते.

कोणते ज्ञान लागते

पहिला थर ऑडिटच्या तत्त्वांचा आणि पद्धतीचा. आयएसओ १९०११ च्या २०१८ च्या आवृत्तीत सात तत्त्वे आहेत: सचोटी, निःपक्ष मांडणी, व्यावसायिक दक्षता, गोपनीयता, स्वतंत्रता, पुराव्यावर आधारलेली भूमिका आणि जोखमीवर आधारलेली भूमिका. शेवटचे तत्त्व याच आवृत्तीत आले.

दुसरा थर मानकाचा. प्रत्येक क्लॉज काय मागतो आणि काय मागत नाही, हे ऑडिटरला नेमके ठाऊक हवे. मानकात नसलेली गोष्ट ‘चांगली प्रथा’ म्हणून संस्थेवर लादता येत नाही.

तिसरा थर त्या उद्योगाचा आणि कायद्याचा. फाउंड्रीत ऑडिट करणाऱ्याला धातू ओतण्याची प्रक्रिया कळली पाहिजे, खाद्यप्रक्रिया उद्योगात जाणाऱ्याला तापमान आणि स्वच्छतेचे धोके. महाराष्ट्रातील कारखान्यात पर्यावरणाचे ऑडिट करताना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी वाचता आल्या नाहीत, तर तपासणी वरवरची राहते. यामुळेच प्रमाणन संस्था ऑडिटरला सरसकट सर्व उद्योगांसाठी मान्यता देत नाहीत. शिक्षण आणि अनुभव पाहून ठरावीक क्षेत्रांपुरतीच देतात.

पाच दिवसांचा अभ्यासक्रम

लीड ऑडिटर अभ्यासक्रम साधारणपणे पाच दिवसांचा, सुमारे ४० तासांचा असतो. एक्झेम्प्लर ग्लोबल आणि ब्रिटनमधील सीक्यूआय-आयआरसीए यांची मान्यता असलेले अभ्यासक्रम भारतात अनेक ठिकाणी चालतात. भारतीय मानक ब्युरोची नोएडा येथील प्रशिक्षण संस्थाही असे वर्ग घेते.

मानक मुळापासून शिकवण्यासाठी हे पाच दिवस नसतात. प्रशिक्षणार्थी मानक वाचून आला आहे, असे गृहीत धरलेले असते. ऑडिटचे नियोजन, चेकलिस्ट, प्रश्न विचारण्याची पद्धत, नमुना निवडणे, ओपनिंग आणि क्लोजिंग मीटिंग, निष्कर्ष लिहिणे यांचा सराव गटांत करून घेतला जातो. वर्गातील कामगिरीचे रोज मूल्यमापन होते आणि लेखी परीक्षाही असते.

सर्वांत जास्त कस लागतो तो नॉनकन्फॉर्मिटी (मानकाशी विसंगती), म्हणजे ‘एनसी’ लिहिताना. ‘कॅलिब्रेशनकडे दुर्लक्ष आहे’ हे विधान निरुपयोगी ठरते. चांगल्या एनसीत तीन गोष्टी असतात: मानकाची अपेक्षा, सापडलेला पुरावा आणि त्या दोहोंतील तफावत. आयएसओ ९००१ चा क्लॉज ७.१.५ मोजमापाच्या साधनांविषयी आहे. तपासणी विभागात अमुक क्रमांकाचा मायक्रोमीटर वापरात होता, त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली होती आणि नवी नोंद उपलब्ध नव्हती, असे लिहिले की वाचणाऱ्याला शंका उरत नाही. त्यानंतर ऑडिटर आणखी काही साधने पाहतो. एकाच साधनाची नोंद चुकली असेल तर दोष किरकोळ ठरू शकतो. साधनांचा मागोवा ठेवणारी पद्धतच कोलमडलेली असेल आणि त्यामुळे प्रणालीच्या उद्दिष्टांना धक्का पोहोचत असेल, तर एनसी गंभीर ठरते.

पथकाचे नेतृत्व

अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेली व्यक्ती शिकाऊ म्हणून सुरुवात करते. आधी निरीक्षक, मग अनुभवी ऑडिटरच्या नजरेखाली एखाद्या विभागाची तपासणी, मग पथकाचा पूर्ण सदस्य आणि त्यानंतर देखरेखीखाली पथकप्रमुख, असा हा क्रम असतो.

प्रमुखाची जबाबदारी वेगळी असते. उपलब्ध दिवसांत कोणत्या प्रक्रियेला किती वेळ द्यायचा आणि कोणत्या सदस्याकडे काय सोपवायचे, हे तो ठरवतो. अपुरा पुरावा घेऊन आलेल्या सदस्याला तो परत पाठवतो. व्यवस्थापकीय संचालकांशी धोरणांविषयी बोलताना आणि यंत्रावरच्या कामगाराला प्रश्न विचारताना त्याला भाषा बदलावी लागते. मतभेद झाले तर ते तोच मिटवतो, पथकाच्या सुरक्षिततेची काळजी घेतो आणि अहवाल पूर्ण करतो. प्रमाणपत्र द्यावे का, याचा अंतिम निर्णय मात्र त्याचा नसतो. तो प्रमाणन संस्थेतील, त्या ऑडिटमध्ये सहभागी नसलेल्या व्यक्ती घेतात. लीड ऑडिटर पुरावा आणि शिफारस देतो.

स्वभाव आणि सचोटी

आयएसओ १९०११ या मानकाने ऑडिटरच्या स्वभावगुणांचीही यादी दिली आहे. मोकळे मन, बारीक नजर, चिकाटी, सौजन्य, स्वतः निर्णय घेण्याची क्षमता आणि अप्रिय सत्य सांगण्याचे धैर्य हे त्यातील महत्त्वाचे. समोरचा माणूस घाबरला तर माहिती दडवतो, म्हणून चुका पकडायला आल्याचा आविर्भाव कामाला मारक ठरतो. त्याचबरोबर ओळखीपोटी दोष झाकणे हा या व्यवसायातील सर्वांत मोठा अपराध आहे. ज्या संस्थेला एखाद्याने व्यवस्थापन प्रणालीबाबत सल्ला दिला असेल, तिचे ऑडिट त्याने त्यानंतर किमान दोन वर्षे करू नये, अशी आयएसओ/आयईसी १७०२१-१ ची अपेक्षा आहे.

क्षमता टिकवणे

एकदा मिळवलेली क्षमता आपोआप टिकत नाही. मानके बदलतात: आयएसओ/आयईसी २७००१ ची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि ऑडिटरांना तिचा अभ्यास करावा लागला. ठरावीक काळात काही ऑडिट करणे आणि सतत शिकत राहिल्याच्या नोंदी ठेवणे नोंदणीसाठी आवश्यक असते. प्रमाणन संस्थाही आपल्या ऑडिटरांचे काम वेळोवेळी प्रत्यक्ष हजर राहून पाहतात.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे, प्रशिक्षकाने स्वतः किती ऑडिट केली आहेत आणि परीक्षा कशी होते, हे विचारून घ्यावे. एकदोन दिवसांत किंवा परीक्षेशिवाय ‘लीड ऑडिटर’ बनवणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. नोकरीत असलेल्यांसाठी आपल्याच कंपनीत अंतर्गत ऑडिट करण्याची संधी मागून घेणे, ही सर्वांत चांगली सुरुवात आहे. अभ्यासक्रम पाच दिवसांत पुरा होतो, पण पथकाची जबाबदारी विश्वासाने सोपवता येईल असा ऑडिटर घडायला काही वर्षांचे प्रामाणिक काम लागते.