टाकीतलं नायट्रेट उतरत नाही? मग आधी बोअरचं पाणी तपासा

नवा मासा आणला की चार-पाच दिवसांत मरतो, जुने मात्र ठणठणीत. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, पाणी बदला. बदललं, अगदी निम्मं बदललं, तरी पुढच्या खेपेला तेच. घरात फिशटँक असलेल्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडे दोन उन्हाळे हेच चाललं होतं. शेवटी नायट्रेट तपासायचं किट आणलं. टाकीच्या पाण्याला ८० पीपीएमच्या आसपासचा लालभडक रंग आला. मग सहज म्हणून बोअरच्या नळाचं पाणी तपासलं, तर तिथेच ४०!

म्हणजे ज्या पाण्याने टाकी स्वच्छ करत होतो, ते पाणीच मुळात नायट्रेट घेऊन येत होतं.

आधी हे नायट्रेट येतं कुठून ते बघू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना फार घातक. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साध्या फिल्टरमधून ते पुढे कुठे जात नाही, साठत राहतं. साधारण २० ते ४० पीपीएमच्या आत ठेवलं तर बहुतेक मासे नीट राहतात. त्यावर गेलं की भूक मंदावते, रंग उतरतो, काचेवर शेवाळ धरतं. जुने मासे हळूहळू वाढणाऱ्या नायट्रेटला सरावलेले असतात. दुकानातून आलेल्या नव्या माशाला तो एकदम धक्का बसतो. नवेच का मरतात, याचं एक मोठं कारण हे.

आता हिशेब करून बघा. १०० लिटरच्या टाकीत नायट्रेट ८०. पंचवीस लिटर काढून तेवढंच नायट्रेट नसलेलं पाणी घातलं, तर ६० होईल, पुढच्या आठवड्यात ४५, मग ३४. तेच ४० नायट्रेटचं बोअरचं पाणी घातलं, तर ७०, मग ६२, मग ५७. कितीही बादल्या ओता, चाळीसच्या खाली ते जाणारच नाही. त्यात मधल्या दिवसांत मासे भर घालतात ती वेगळीच.

उन्हाळ्यात आपण आणखी एक चूक करतो. पाणी उडून पातळी खाली गेली की वरून बादलीभर ओततो आणि पाणी बदललं असं समजतो. उडतं ते फक्त पाणी. नायट्रेट मागेच राहतं, वर नव्या पाण्यातलं भरीला येतं. आधी काढायचं, मगच घालायचं.

बोअरमध्ये नायट्रेट येतं ते शेतातून आणि शोषखड्ड्यातून. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर थेट खाली उतरतं. उसाला टाकलेला युरिया, विहिरीजवळचा गोठा किंवा उकिरडा, गावभर खोदलेले संडासाचे खड्डे, सगळं शेवटी त्याच पाण्यात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलं होतं, आणि जास्त प्रमाण असलेल्या राज्यांत राजस्थान, तमिळनाडूबरोबर आपलं कर्नाटकही होतं. शहरात धरणाचं पाणी नळाला येतं त्यांना ही अडचण सहसा कमी. पण नळाचं पाणी चुकलं की बोअरवर चालवणारी घरं आपल्याकडे काही थोडी नाहीत.

मग करायचं काय? टाकीपुरतं बोलायचं तर सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या डोक्यावरच पडतो. बेळगाव, खानापूर, गोवा इकडे पावसाला तोटा नाही. पहिले दोन-चार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यायचे, मग स्वच्छ पिंपात पाणी धरायचं. या पाण्यात नायट्रेट अगदी कमी असतं. मात्र ते एकटं वापरायचं नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतात. निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं. बोअरचं चाळीस असेल तर मिश्रण वीसच्या आसपास येतं. आरओचं शुद्ध पाणीही असंच मिसळून चालतं. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका, त्यात नायट्रेट आणखी दाट झालेलं असतं. ते कुंड्यांना घाला. धरणाचं नळाचं पाणी वापरणार असाल तर क्लोरीन घालवणारं औषध घालूनच वापरा.

दुसरा उपाय मनीप्लांट. गंमत नाही, खरंच. त्याचा फुटवा टाकीच्या काठावर असा लावायचा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. नवी पानं फुटायला लागली की ते नायट्रेट खेचू लागतं. एका वेलाने चमत्कार होत नाही, चार-पाच हवेत आणि उजेडही हवा.

खाद्य कमी करा. दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एक-दोनदा. घरात लहान मुलं असली की प्रत्येकजण आपापली चिमूट टाकतो, आणि टाकीला पाच जेवणं होतात! गोल्डफिश तर खातोही भरपूर आणि घाणही भरपूर करतो. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो.

नायट्रेट फार वाढलेलं असेल तर घाईने सगळं पाणी बदलू नका. जुन्या टाकीचं पाणी आम्ल झालेलं असतं, आणि त्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून असतो. एकदम ताजं पाणी पडलं की तोच विषारी होतो आणि रात्रीत मासे उलटे पडतात. दर दोन दिवसांनी दहा-पंधरा टक्के, असं उतरवत या.

आता माशांपेक्षा महत्त्वाचं. तेच बोअर घरात प्यायला असेल तर किटवरचा आकडा पुन्हा बघा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४५ पीपीएम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. ओठ, नखं निळसर दिसू लागतात. तसं दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. पाणी उकळून काही होत नाही, उलट आटल्याने नायट्रेट दाट होतं. कँडल किंवा यूव्ही फिल्टरनेही ते जात नाही. आरओने कमी होतं.

माशांचं किट म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. दुसरी बाटली नीट हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. म्हणून तीसच्या वर काही दिसलं तर जिल्ह्याच्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा, थंड ठेवा, त्याच दिवशी पोचवा. अहवाल हातात आला की एक बघा: आकडा नायट्रेटचा आहे की 'नायट्रेट नायट्रोजन'चा. दुसऱ्या पद्धतीत १० म्हणजेच आपले ४५ होतात, आणि १२ बघून निर्धास्त झालेला माणूस प्रत्यक्षात ५३ पीत असतो.