यमुनेकाठचं रान आणि आपण

दिल्लीला गेलं की लाल किल्ला आणि कुतुबमिनार सगळेच पाहतात. वझिराबादजवळचं यमुना जैवविविधता उद्यान मात्र बऱ्याच जणांचं राहून जातं. आज त्याविषयी बोलू.

४५७ एकरांच्या या जागेत नीलगायी आणि रानडुकरं मोकळी फिरतात. पूर्वी ही नदीकाठची जमीन खारवटलेली, उजाड होती. दिल्ली विकास प्राधिकरणाने २००२ च्या सुमारास इथे काम सुरू केलं, त्याला दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांचं मार्गदर्शन लाभलं. पाणथळ जागा तयार केल्या, यमुनेच्या खोऱ्यातलीच गवतं, झुडपं, झाडं लावली. गवतावर किडे आले, किड्यांमागे पक्षी आले. लपायला झुडपं झाली, तसे प्राणी मुक्कामाला आले. हिवाळ्यात मोठी लालसरी ही पाहुणी बदकं तळ्यावर उतरतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये इथे चक्क बिबट्या आला. शिकार, पाणी आणि आडोसा मिळाल्याशिवाय बिबट्या टिकत नाही. म्हणजे उद्यानाच्या कामाला मिळालेली ती पावतीच होती. पण शेजारच्या गावकऱ्यांना पोरांची आणि गुरांची काळजी होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. महिन्याभरात बिबट्याला पकडून दूरच्या जंगलात सोडावं लागलं. रान परत आणलं की ते बदकांपाशी थांबत नाही, हे शहरांनी आधीच समजून घ्यायला हवं.

अशा उद्यानात जाताना मी गस्तीचा जुना नियम पाळतो: आधी थांबा, ऐका, मग पुढे व्हा. थंडीतली सकाळ निवडा. मातकट किंवा हिरवे कपडे घाला, फोन गप्प ठेवा, दुर्बीण न्या. पायवाट सोडू नका. नीलगाय चरायची थांबून तुमच्याकडे बघू लागली, तर तुम्ही फार जवळ गेलात. हळूच मागे या. रानडुकरीण पिलांसह दिसली तर वाट तिची.

आणि बिस्किटं, पोळ्या, केळी काहीही घालू नका. खायला मिळालं की जनावराची भीती जाते, ते माणसाच्या अंगावर येऊ लागतं. मग तक्रार होते आणि पिंजरा लागतो. आपल्या हातचं एक बिस्किट त्याला तिथवर नेऊ शकतं.