पाण्याचा हिशोब महिला सभेत मांडू या

मैत्रिणींनो, मार्च लागला की हंडा घेऊन लांब जायची पाळी कुणावर येते? आपल्यावरच. पण नवी बोअर कुठे घ्यायची, बंधाऱ्यातला गाळ कधी काढायचा, हे ठरतं तेव्हा आपण कुठे असतो? बहुतेक वेळा घरी.

मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सदस्य असते. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. हा आपला हक्क आहे. काही ठिकाणी मात्र सभा होतच नाही, नुसतं रजिस्टर सहीसाठी घरोघरी फिरतं. तसं रजिस्टर दारात आलं तर सही करू नका. "सभा कधी आहे?" एवढंच विचारा.

गावाने ठरवलं तर काय होतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे दुष्काळी पट्ट्यातलं गाव. तिथे गावाने एकत्र बसून शेतीसाठीच्या बोअर बंद केल्या, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं टाळली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी पिण्याचं पाणी बाजूला ठेवायचं आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरवायची, अशी तिथली रीत आहे. नियम गावानेच केले, म्हणून ते पाळले गेले.

आपण हिशोब कसा करायचा?

बचतीचा हिशोब आपण दर बैठकीत करतो. हाही तसाच.

1. गावची लोकसंख्या लिहा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. 1,000 लोकांचं गाव असेल तर रोज 55,000 लिटर. फेब्रुवारी ते मे, म्हणजे 120 दिवसांचे 66 लाख लिटर.
2. जनावरं मोजा आणि त्यांचं पाणी वेगळं धरा.
3. कोणती विहीर, कोणता हातपंप कधी आटतो, ते महिन्यासह लिहा. हे आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं!
4. पाऊस किती पडला ते नोंदवा. एका हेक्टरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. पण सगळं मुरत नाही, बरंच वाहून जातं. ते अडवायची जागा कुठे आहे, तेही लिहा.

सभेत काय मागायचं?

"पाण्याची सोय करा" असं मोघम बोललं की विषय तिथेच संपतो. नेमकं मागा. उदाहरणार्थ, "सार्वजनिक विहिरीचं पाणी फेब्रुवारी ते मे फक्त पिण्यासाठी राखावं." किंवा, "पावसाळ्याआधी बंधाऱ्याचा गाळ काढायचं काम आराखड्यात घ्यावं." पिण्याच्या सार्वजनिक स्रोताला भूजल कायद्याचंही संरक्षण आहे, हे सभेत सांगा.

ठराव प्रोसिडिंग बुकात लिहिला गेला का ते बघा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, ठराव क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्या. मग तोच ठराव ग्रामसभेत मांडा. एकटीने उठायला भीती वाटते, म्हणून गटाने मिळून एकत्र बसा. एकजण बोलेल, बाकीच्या "बरोबर आहे" म्हणतील.

पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याचं काम साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होतं. त्याआधीच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. आपला ठराव आराखड्यात नसेल, तर त्या कामाला पैसाही मिळणार नाही आणि पुढच्या मार्चमध्ये हंडा पुन्हा आपल्याच डोक्यावर येईल.