घरात न आलेले सामान

नवे घर घेणाऱ्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा जागेचा. दुकानाच्या प्रशस्त दालनात सुबक दिसणारे कपाट दहा फुटांच्या खोलीत आले की अवजड वाटू लागते, त्याचे दार पलंगाला अडते. आणि मापाने करवून घेतलेले सामान सहसा परत देता येत नाही. सुरत शहरात लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वर्षभराची शिल्लक एका कपाटात घालणाऱ्या गृहस्थास अशी चूक परवडणारी नसते.

अशा वेळी मोबाइल फोनचा एक नवा उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. डोळ्यांपुढील खऱ्या दृश्यावर यंत्राने रेखलेली वस्तू बसवून दाखविणे, यास संवर्धित वास्तव असे म्हणतात. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालावयाचे असे एक उपकरण सिद्ध केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. पुढे २०१७ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने ग्राहकाच्या स्वतःच्या खोलीत खुर्ची वा सोफा मांडून दाखविणारी योजना फोनवर आणली.

हे घडते कसे? फोनचा कॅमेरा फरशीचे सांधे, कोपरे, डाग असे ठळक बिंदू हेरतो. धावत्या आगगाडीतून जवळचे झाड झपाट्याने मागे जाते आणि दूरचा डोंगर मंदपणे सरकतो. त्याच न्यायाने फोन हलविला असता प्रत्येक बिंदू किती सरकला, यावरून त्याचे अंतर काढता येते. फोन स्वतः किती हलला व वळला, हे आतील संवेदक सांगतात. अशा रीतीने जमिनीची पातळी निश्चित झाली की कपाटाचे चित्र खऱ्या मापात तेथे उभे राहते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे, चकचकीत फरशीवर किंवा अंधुक उजेडात मात्र बिंदू नीट सापडत नाहीत आणि चित्र जागा सोडते. म्हणून काही फोनांत प्रकाशकिरण टाकून थेट अंतर मोजण्याची सोय करण्यात आली.

तथापि चित्र म्हणजे घर नव्हे. गुजरातेत घरोघरी आवडणारा झोपाळा फोन दाखवील; परंतु तो झुलण्यास मागेपुढे लागणारी मोकळी जागा स्वतंत्रपणे मोजावी लागते, आणि कडीचा भार स्लॅब पेलेल की नाही, हे जाणकारासच विचारावे लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला व सुरतेचा मोठा भाग जलमय झाला. तळमजल्यावर राहणाऱ्याने मौल्यवान वस्तूंचा कप्पा किती उंचीवर ठेवावा, हा विचार केवळ सजावटीचे चित्र सुचवीत नाही.

यास्तव फोनवर पसंती ठरवावी, पण सुताराला पैसे देण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. खोली, दरवाजा आणि जिन्याचे वळण ही तीन मापे कागदावर उतरली, म्हणजे आधी पाहिलेले चित्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.