दुसऱ्या घराचा हिशेब

राहत्या घराशिवाय, भाड्यासाठी किंवा पुढे किंमत वाढेल म्हणून घेतलेला फ्लॅट, गाळा किंवा प्लॉट ही स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक. महाराष्ट्रात असा व्यवहार करणारा माणूस बहुतेक वेळा बिल्डर नसतो. पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेला, थोडी शिल्लक जमलेला किंवा गावाकडची जमीन विकून काही रक्कम हाती आलेला तो असतो. त्याच्या हातून असा व्यवहार आयुष्यात एक-दोनदाच होतो, आणि तो फसला तर सावरायला दुसरी मालमत्ता नसते. म्हणून त्याने भाववाढीच्या अंदाजापेक्षा हिशेब आणि कागद यांवर भर द्यावा. हे दोन्ही खरेदीपूर्वी तपासता येतात. भाव किती वाढेल, हे कोणालाच सांगता येत नाही.

आधी घरची तयारी

पहिला प्रश्न मालमत्ता कोणती घ्यावी हा नसून ती घेण्याची ऐपत आहे का, हा आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, कुटुंबाचा आरोग्य विमा असावा आणि राहत्या घराच्या कर्जाचा हप्ता सुखाने जात असावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्केच रक्कम कर्जाऊ मिळते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी यांचा या किमतीत साधारणपणे समावेश होत नाही. तो खर्च खिशातून करावा लागतो. ही पदरची रक्कम उभी करण्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावे लागत असेल, तर खरेदीची वेळ अजून आलेली नाही.

एका फ्लॅटचे आकडे

पुणे महापालिका हद्दीत ४० लाखांचा तयार वन बीएचके उदाहरणादाखल घेऊ. पुण्यात स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, म्हणजे २ लाख ८० हजार. खरेदी एकट्या महिलेच्या नावावर असेल, तर निवासी मालमत्तेवर एक टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार, दलाली एक टक्का म्हणजे ४० हजार आणि रंगरंगोटी, पंखे, नळदुरुस्तीचे २५ हजार धरले, तर ४० लाखांचा फ्लॅट ४४ लाखांना पडतो.

आता आवक. भाडे महिना १२ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, आणि दलाल सांगतो ते हेच: साडेतीन टक्क्यांहून अधिक परतावा. प्रत्यक्षात दोन भाडेकरूंच्या मध्ये फ्लॅट रिकामा राहतो. वर्षातला एक महिना तसा गेला, तर हाती येतात १ लाख ३२ हजार. त्यातून मालमत्ता कराचे ६ हजार, सोसायटीच्या देखभालीचे १८ हजार आणि किरकोळ दुरुस्तीचे ८ हजार गेले की १ लाख उरतो. ४४ लाखांवर हा परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे.

कर्जाची बाजूही पाहावी. ३२ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २७ हजार ८०० रुपये बसतो. निव्वळ भाडे महिन्याला आठ हजारांच्या घरात. उरलेले साडेएकोणीस हजार दर महिन्याला पगारातून भरावे लागतात. भाडे हप्ता फेडेल, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. अशा खरेदीचा नफा जवळजवळ सगळा भाववाढीवर अवलंबून असतो, आणि भाव चार-पाच वर्षे जागेवर राहिले तरी हप्ता भरता येईल का, हे आधी ठरवावे लागते. कर्ज जितके कमी, तितकी ही ओढाताण कमी.

आपल्या नजरेतल्या प्रत्येक मालमत्तेचा असा हिशेब कागदावर मांडावा. भाड्याचा आकडा दलालाकडून न घेता त्याच इमारतीतील भाडेकरू, वॉचमन आणि सोसायटीचे सचिव यांच्याकडून घ्यावा.

कागदपत्रे

तयार फ्लॅटच्या बाबतीत मूळ खरेदीखत आणि त्यामागची खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद पाहावेत. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत राहती असली तरी पालिकेच्या दृष्टीने अपूर्ण असते. पाणीजोडणी, कर्ज आणि पुढची विक्री या तिन्ही ठिकाणी त्याचा त्रास होतो. मालकी हक्काचा मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. लाखोंच्या व्यवहारात ही फी वाचवणे परवडत नाही.

जमिनीसाठी सातबारा, आठ-अ आणि फेरफार, तर नगरभूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक पाहिले जाते. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाइतकेच बारकाईने भूधारणा पद्धती आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचावेत. भोगवटादार वर्ग-२ अशी नोंद असेल, तर ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. इतर हक्कांत बँकेचा बोजा, कुळाचे नाव किंवा वारसांची नोंद दिसली, तर तिचा निकाल लागेपर्यंत विसार देऊ नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. तेवढ्यावर मालकी सिद्ध झाली असे मानता येत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

बांधकाम चालू असलेले घर

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला आणि त्याखालील महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरण ‘महारेरा’चे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरचा किंवा आठहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बिल्डरला त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जाहीर तारीख, मंजूर नकाशे, चालू खटले आणि कर्जाचा बोजा पाहता येतो.

तरीही पहिल्या गुंतवणुकीसाठी अपूर्ण घर जोखमीचेच. ताबा लांबला तर हप्ता चालू राहतो आणि भाडे मात्र येत नाही. अशा घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या गेलेल्या घरावर तो लागत नाही.

प्लॉट आणि गुंठे

कमी पैशांत जमीन मिळते म्हणून शहराबाहेरचे गुंठे अनेकांना खुणावतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सामान्यतः खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले आहेत. या निर्बंधांत वेळोवेळी सवलती मिळाल्या, म्हणून प्रत्येक गुंठेवारी आपोआप कायदेशीर ठरत नाही. मंजूर रेखांकनातील, अकृषिक झालेला, मोजणी केलेला आणि नकाशावर रस्ता असलेला प्लॉटच घ्यावा. रिकाम्या प्लॉटला भाडे नसते आणि अतिक्रमणाची भीती असते. कुंपण घालून वर्षातून दोनदा तरी जाऊन पाहणी करावी लागते.

भाडेकरू आणि करार

करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही टाळू नये. फ्लॅट भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

कर

भाड्यातून मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज २ लाख ७० हजारांच्या घरात जात असल्याने भाड्यावर कर बसत नाही. उलट तोटा दिसतो. पण नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत ती मुभा आहे. मालमत्ता २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकली, तर नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तींना महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के दराने कर मोजण्याचाही पर्याय आहे.

थोड्या पैशांची वाट

एवढी रक्कम किंवा एवढा वेळ नसणाऱ्यांसाठी ‘रीट’ हा मार्ग आहे. रीट कार्यालये, मॉल अशा मालमत्ता बाळगून त्यांचे भाडे युनिटधारकांना वाटतो. भारतातील पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. सेबीच्या नियमांनुसार किमान ८० टक्के गुंतवणूक पूर्ण झालेल्या, भाडे देणाऱ्या मालमत्तेत असावी लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम वाटावी लागते. एक युनिट काही शे रुपयांना मिळते आणि डीमॅट खात्यातून केव्हाही विकता येते. बाजारभाव खाली-वर होतो, ही त्याची जोखीम. २०२४ मध्ये सेबीने छोट्या व मध्यम रीटनाही परवानगी दिली. त्यात किमान गुंतवणूक १० लाखांची आहे.

पहिल्याच खरेदीत सर्वांत मोठा नफा शोधू नये. भोगवटा प्रमाणपत्र असलेला, बसथांबा, स्टेशन किंवा कॉलेज जवळ असलेला, नोंदणीकृत सोसायटीतला लहान फ्लॅट, आणि रिकामा राहिला तरी पेलेल एवढेच कर्ज, ही सुरुवात पुरेशी आहे. एकही कागद अपुरा असेल किंवा हिशेब जुळत नसेल, तर विसार देऊ नये. तसा दुसरा फ्लॅट बाजारात मिळतो. अडकलेले पैसे सोडवण्यात मात्र वर्षे जातात.