सावित्री खोऱ्याचा राखणदार : मंगळगड ऊर्फ कांगोरी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीवाटे महाडपर्यंत चढत असल्यामुळे हे गाव समुद्र दृष्टीस पडत नसतानाही शतकानुशतके बंदर म्हणून नांदले. गलबते, म्हणजे शिडाची मालवाहू जहाजे, दासगाव-महाडपर्यंत येत आणि तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्याकडे जाई. महाडलगतची गांधारपाल्याची बौद्ध लेणी या वहिवाटीचे प्राचीनत्व सांगतात. खाडी आणि घाट यांना जोडणाऱ्या या वाटा ज्याच्या ताब्यात, त्याच्याच पदरी जकात पडणार, हे उघड असल्याने या खोऱ्यात सोनगड, चांभारगड, चंद्रगड, मंगळगड अशी किल्ल्यांची दाटी दिसते.

यांपैकी मंगळगड, ज्याचे जुने नाव कांगोरी, महाड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पुढे आलेल्या सोंडेवर सुमारे अडीच हजार फूट उंचीवर उभा आहे. पायथ्याच्या पिंपळवाडीकडून चढून आल्यावर प्रथम लागते ती माची, म्हणजे मुख्य शिखराखालची तटबंदीने राखलेली सपाटी. तिच्यावर कांगोरी देवीचे मंदिर असून किल्ल्याचे जुने नाव आजही तिच्याच नावात टिकून आहे. माचीच्या वर बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सर्वांत उंच आणि शेवटपर्यंत लढवण्याचा भाग आहे; तेथे वाड्यांची जोती आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी उरली आहेत. अशा गडाचे आयुष्य तटापेक्षा टाक्यावर अधिक अवलंबून असते, कारण पावसाळा संपला की सात-आठ महिने शिबंदीला, म्हणजे गडावरच्या पहाऱ्याच्या फौजेला, साठवलेल्या पाण्यावरच दिवस काढावे लागत. बालेकिल्ल्यावरून एकीकडे रायगड आणि दुसरीकडे महाबळेश्वरचे पठार नजरेत येते, आणि या उंच जागेवरच चौकी का बसवली असेल याचे उत्तर तेथे उभे राहिल्यावर आपोआप मिळते.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुलूख जावळीच्या मोरे घराण्याकडे होता. ‘चंद्रराव’ हा त्या घराण्याच्या प्रमुखाचा किताब होय. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली, तेव्हा घाटमाथ्याबरोबर खाडीकडे उतरणाऱ्या वाटाही स्वराज्यात आल्या. मोऱ्यांच्या ताब्यातून रायरीही त्याच वर्षी मिळाली, आणि पुढे रायगड या नावाने ती राजधानी झाली. जावळीचा हा प्रसंग सत्तासंघर्ष म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. मात्र त्यामुळे बंदरापासून देशापर्यंतची, म्हणजे घाटावरच्या मुलखापर्यंतची, वाट एका हाताखाली आली ही गोष्ट त्या सांगण्यात मागे पडते, आणि कांगोरीचे खरे मोल तेथेच आहे. कांगोरीला मंगळगड हे नाव याच राजवटीत मिळाले.

दुर्गम किल्ल्याचा दुसरा उपयोग तुरुंग म्हणून होतो आणि तो सर्व देशांत सारखाच आढळतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रात घुसलेल्या कड्यावरच्या डनॉटर या मध्ययुगीन किल्ल्यात १६८५ साली ‘कव्हेनंटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाच्या, राजाची धर्मसत्ता न मानणाऱ्या दीडशेहून अधिक स्त्री-पुरुषांना एका तळघरात कोंडले होते. मंगळगडावरील बंदिवासाची घटना त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी घडली. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले, त्या सुमारास हैदराबादकडून पुण्याला येणारे मद्रास फौजेतील हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण अधिकारी उरुळीजवळ पकडले गेले. त्यांना कांगोरीवर ठेवण्यात आले. नंतर त्यांची रवानगी कोयनेच्या खोऱ्यातील वासोट्यावर झाली, आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये तो किल्ला पडल्यावरच त्यांची सुटका झाली. पुढच्याच महिन्यात रायगडही इंग्रजांच्या हाती गेला, आणि राखण्याजोगे राज्य न उरल्याने कांगोरीवरची चौकीही संपली.

पुढे पक्क्या सडका झाल्या आणि बैलांचे तांडे घाटवाटांवरून दिसेनासे झाले. आज पोलादपुराहून महाबळेश्वरला जाणारी मोटार आंबेनळी घाटाने वर चढते, महाडहून भोरकडे जाणारी वरंध घाटाने, आणि मंगळगडाच्या वाट्याला येतात ते माचीवरच्या देवीचे भाविक, गुराखी आणि पावसाळा सरल्यावर येणारे गिर्यारोहक.